डाव्या खांद्याची बंदूक

डॉ. अनंत परब यांचे निधन जानेवारी २०२१च्या अखेरीस झाले. आयर्लंडमधल्या कासलबारच्या ज्या रुग्णालयात त्यांनी छातीच्या विकारांचे डॉक्टर म्हणून वीसेक वर्षे काम केले, त्याच रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात. कारण कोविड. वय एकसष्ट. त्यांनी स्वतःसाठी करायला दिलेली शिकारीची बंदूक त्या दिवशी काउंटी क्लेअरमधल्या एका शेडमध्ये अर्धवट होती. नळी तयार होती, घोडा तयार होता. दस्ता अजून अक्रोडाच्या ठोकळ्यातच होता.

माझी त्यांची ओळख माझ्या पत्नीमुळे झाली. मृणाल त्यांच्या हाताखाली काम करत असे. पुण्यातल्या एका दैनिकाच्या वृत्तसंपादन विभागातली नोकरी सोडून मी तिच्याबरोबर मेयो काउंटीत, कासलबारला आलो, तेव्हा पहिल्या आठवड्यात परबांनी आम्हाला जेवायला बोलावले. दारात त्यांनी नमस्कार केला नाही, हस्तांदोलनही नाही. माझे दोन्ही हात पालथे करून पाहिले, नखे दिव्याखाली धरली आणि मग म्हणाले, “बरे आहात. या आत.”

स्वयंपाकघरातून सुनंदावहिनी म्हणाल्या, “अहो, पाहुण्यांना आधी बसू तरी द्या. ते पेशंट नाहीत.”

“अजून नाहीत,” परब म्हणाले.

ही सवय सगळ्यांना ठाऊक होती. वॉर्डात शिकाऊ डॉक्टर एक्स-रे लावायला धावले की ते म्हणत, “एक्स-रे नंतर. आधी नखं.” ते मूळचे कुडाळजवळच्या गावचे. एरवी शुद्ध पुणेरी वाटावे असे मराठी बोलत, पण रागात आणि लाडात मालवणी येई. माझ्या पत्नीला त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेले वाक्य तेच होते : “हात दाखय, मगे तोंड उघड.” पेशंट तोंडाने काहीही सांगतो, हात खोटे बोलत नाहीत, असा त्याचा अर्थ. दुसरे वाक्य त्यांनी इथे येऊन तयार केले होते. “या देशात जो पेशंट ‘आय ॲम ग्रँड’, म्हणजे मी ठणठणीत, म्हणतो, त्याला सगळ्यांत आधी तपासायचं.”

त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर उजव्या डोळ्याखाली निळसर ठिपके होते. गोंदल्यासारखे, आठ-दहा. मृणालने विचारले नव्हते. मी पत्रकार असल्यामुळे दुसऱ्या भेटीत विचारले.

ते ठिपके बंदुकीच्या दारूचे होते. परबांच्या वडिलांकडे शेतराखणीच्या परवान्यावर एक जुनी बंदूक होती. केपाच्या बंदुका येण्याआधीची, चकमकीची. अशा बंदुकीत काडतूस नसते. नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासायचे. बाजूला एक लहान वाटी असते, तिच्यात चिमूटभर दारू घालायची. चाप ओढला की घोड्यात धरलेली गारगोटी पोलादावर आपटते, ठिणग्या वाटीत पडतात आणि तिथला जाळ एका बारीक छिद्रातून नळीत जातो. वाटी नळीच्या उजव्या अंगाला असते. बंदूक उजव्या खांद्याला लावली की जाळ तोंडापासून पलीकडे उडतो. डाव्या खांद्याला लावली तर तोच जाळ तोंडाशी.

परब जन्माने डावखुरे होते. वडिलांनी जेवायला, लिहायला, देवाला फूल वाहायला उजवा हात वापरायला लावले. बंदूकही उजवीकडूनच धरायला शिकवली. तेराव्या वर्षी रानडुकरांपासून शेत राखायला एकटे असताना, कोणी बघत नाही म्हणून, त्यांनी ती पहिल्यांदा डाव्या खांद्याला लावली. डोळा वाचला. वडील ओरडले नाहीत. त्यांनी बंदूक कुलपात ठेवली. पुढच्या निवडणुकीच्या वेळी नियमाप्रमाणे ती पोलीस ठाण्यात जमा केली आणि नंतर परत आणायला गेलेच नाहीत.

“चूक बंदुकीची नव्हती, बापाची नव्हती, माझीही नव्हती,” परब म्हणाले. “ती बंदूक माझ्यासाठी केलेली नव्हती, एवढंच. आपल्यासाठी केलेली एक बंदूक एकदा डाव्या खांद्यावरून उडवायची आहे. मग डोळे मिटायला हरकत नाही.”

हे ते गमतीने बोलत असत. कासलबारच्या बाहेरच्या एका गन क्लबचे ते जुने सभासद होते. हिवाळ्यात रविवारी इतरांबरोबर दलदलीतून चालत, स्वतःजवळ बंदूक नसे. खिशात सँडविच असे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी त्यांना विचारले होते, “डॉक्टर, तुम्ही जीव वाचवता की घेता?” ते म्हणाले, “आठवडाभर वाचवतंय, रविवारी नुसतो चालतंय.”

बंदूक करून घ्यायचे त्यांनी २०२०च्या वसंतात ठरवले. मार्चपासून ते कोविड वॉर्डातच होते. मे महिन्यात एका संध्याकाळी ते आमच्या फाटकाबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत. म्हणाले, “पत्रकार, तुमचं इंग्रजी पत्रव्यवहाराला बरं आहे. मला बंदूक करणारा माणूस शोधायचा आहे. डावी.”

डावी ही मुख्य अडचण होती. घोडा, वाटी, घोड्याची कमान म्हणजे स्प्रिंग, हे भाग बहुतेक कारागीर ओतीव, तयार घेतात, आणि ते उजवे असतात. डाव्या बंदुकीसाठी सगळे आरशातल्यासारखे उलटे करावे लागते. चौकशीनंतर तीन नावे उरली. इंग्लंडच्या मध्यभागातली एक कंपनी, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला एक कारागीर आणि काउंटी क्लेअरमध्ये शॅनन विमानतळाजवळ राहणारा डोनल नावाचा एक माणूस. डोनल आधी विमानदुरुस्तीत फिटर होता. निवृत्तीनंतर तो परवाना घेऊन घरामागच्या शेडमध्ये जुन्या बंदुका दुरुस्त करी आणि वर्षाला एखादी नवी घडवी.

तिघांनी फोटो पाठवले. परबांनी ते पाहिले आणि मला म्हणाले, “फोटोत सगळ्याच बंदुका चांगल्या दिसतात. करणाऱ्यांचे हात दाखवायला सांगा. काम करताना, व्हिडिओवर.”

मी तसे कळवले. इंग्लंडच्या कंपनीने एका यंत्राचा सुंदर व्हिडिओ पाठवला. यंत्र नळी आतून गुळगुळीत करत होते, माणूस दिसत नव्हता. पेनसिल्व्हेनियाच्या कारागिराने कॅमेऱ्यासमोर कानसकाम केले. हात उत्तम होते. त्याने डाव्या बंदुका केल्या होत्या आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत देतो म्हणाला. मापे तुम्हीच घेऊन पाठवा, असेही म्हणाला. परबांना ते पटले नाही. बंदुकीचा दस्ता खांदा, मान आणि गाल बघून बेतायचा असतो, आणि स्वतःचे माप स्वतः घेणारा माणूस हवे ते माप लिहितो, असे त्यांचे म्हणणे.

डोनल व्हिडिओवर यायला तयार नव्हता. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : हात बघायचे असतील तर हाताला लागतील एवढ्या अंतरावर या, आल्यावर चहा मिळेल.

जूनच्या अखेरीस काउंटीबाहेर जायची बंदी उठली. जुलैमध्ये एका शनिवारी मी परबांना घेऊन क्लेअरला गेलो. डोनल सत्तरीच्या आसपासचा, उंच, खांद्यात वाकलेला होता. शेडचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून तो आत उभा होता. त्याने परबांना मास्कवरून न्याहाळले, उजव्या डोळ्याखालचे ठिपके पाहिले आणि म्हणाला, “उजवी बंदूक, डावा माणूस. कोणत्या वर्षी?”

“तेराव्या.”

“लवकर शिकलात.”

मग त्याने बंदुकीच्या आकाराची एक फळी दिली आणि सांगितले, “तिथे खिडकीत कावळा आहे समजा. उचला.”

परबांनी फळी उचलली आणि उजव्या खांद्याला लावली.

 डोनलने फळी परत घेतली, परत दिली. परबांनी पुन्हा उजवीकडे लावली. मी पाहत होतो. त्यांच्याही लक्षात आले होते. ते मला मराठीत म्हणाले, “कोण बघत असला की हात उजवीकडेच जातो. काय करू?”

डोनलला भाषा कळली नाही, गोष्ट कळली. त्याने मला भिंतीकडे तोंड करायला लावले आणि स्वतःही तसाच वळला. परबांना म्हणाला, “आता डोळे मिटा. इथे कोणी नाही. उचला.” थोड्या वेळाने त्याने वळून पाहिले. फळी डाव्या खांद्यावर होती, गाल लाकडाला टेकलेला, डोळे मिटलेले. डोनलने टेप काढली आणि मापे घेतली.

मापे घेताना त्याची बोटे परबांच्या चेहऱ्याजवळ आली. परबांनी डोळे उघडले. टेप अजून खांद्यावर होती. ते म्हणाले, “हात दाखवा.”

“अखेर आलो का तिथे,” डोनल म्हणाला. त्याला वाटले, कारागीर पारखणे चालले आहे. त्याने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोके ढोल वाजवायच्या काठीसारखी फुगलेली होती, नखे घड्याळाच्या काचेसारखी गोल.

परबांनी स्वतःच्या दोन्ही तर्जन्यांची नखे एकमेकांना टेकवून दाखवली. निरोगी माणसाच्या नखांमध्ये तेव्हा एक बारीक फट राहते, शंकरपाळीच्या आकाराची, तिच्यातून उजेड दिसतो; फुप्फुसात काही बिघडले की बोटे फुगतात आणि ती बुजते. “तुम्ही करा.”

“मी बंदुका करतो, नखांना रंग लावत नाही.”

“करा.”

त्याने नखे टेकवली. फट नव्हती.

“कधीपासून आहेत अशी?”

“आमच्या घरात सगळ्यांची बोटं जाडच.”

“खोकला?”

“लाकडाचा भुसा. आय ॲम ग्रँड.”

परबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्याला म्हणाले, “बंदूक तुम्हीच करायची. पण आधी छातीचा एक्स-रे. एक्स-रे झाल्याशिवाय ऑर्डर पक्की नाही.”

डोनलने टेप गुंडाळली. तो दाराकडे बघून बोलला. एप्रिलमध्ये त्याने पत्नीला रुग्णालयाच्या दारात सोडले होते. त्याला आत जाऊ दिले नाही, तिला बाहेर आणले ते पेटीतून. “त्या दारातून मी आत जाणार नाही, डॉक्टर. दुसरा कारागीर बघा.”

 परब म्हणाले, “दार चांगलं आहे असं मी म्हणत नाही. मी त्याच्या आतल्या बाजूला असतो. मला माहीत आहे.”

चहा झाला नाही. परतताना गाडीत मी विचारले, “आता पेनसिल्व्हेनियाला लिहू का?”

“कशाला?”

“हा एक्स-रे काढणार नाही. काढला तर त्यात काहीतरी निघणार. म्हणजे दोन्हीकडून बंदूक होत नाही.”

“उशीर होईल,” ते म्हणाले. “तुमका घाई आसा काय?”

त्यानंतर दर रविवारी सकाळी ते डोनलला फोन करू लागले. पहिला प्रश्न नेहमी बंदुकीचा. अक्रोडाचा कोणता ठोकळा? कमान किती कडक? डोनल ऑर्डर नसताना उत्साहाने बोले. शेवटी परब विचारत, “दार उघडलंत का?” उत्तर नाही असे आले की म्हणत, “बरं. पुढच्या रविवारी.” वहिनी एकदा मला म्हणाल्या, “माझ्या सासऱ्यांना यांनी इतके फोन केले नसतील.”

ऑगस्टच्या मध्यात डोनलने एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात गाठ होती. पसरलेली नव्हती. शरद ऋतूत शस्त्रक्रिया झाली आणि तो भाग काढला. एक्स-रे निघाला त्या दिवशीच परबांनी मला सांगितले होते, “पत्रकार, ऑर्डर पक्की झाल्याचं पत्र लिहा.”

इंग्लंडच्या कंपनीने त्याच सुमारास पुन्हा विचारणा केली. डावा घोडा मिळतोय, नाताळपर्यंत बंदूक देऊ, असे कळवले. परबांनी पत्र वाचून दाखवायला लावले आणि नकार लिहायला सांगितला. मी कारण काय लिहू विचारले. “लिहा, माणूस ठरला आहे.”

शस्त्रक्रियेनंतर डोनलचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. नोव्हेंबरमध्ये तो डाव्या हाताने कानस धरायला शिकत होता. ते ऐकून परब फोनवर इतके हसले, की त्या वर्षी मी त्यांना तसे हसताना पुन्हा पाहिले नाही. “आता कळेल म्हणावं. माका सहा वर्षांचो असताना उलट शिकवलानी.” डिसेंबरमध्ये डोनलने अंधाऱ्या शेडमधला एक व्हिडिओ पाठवला. त्यात दुसरे काही नव्हते. चाप ओढल्याचा आवाज, गारगोटीचा आघात आणि डाव्या बाजूला पडणारा ठिणग्यांचा झुबका. परबांनी तो वॉर्डातल्या परिचारिकांना, सफाई कामगारांना, पेशंटना दाखवला. पेशंटपैकी बरेच ऑक्सिजनवर होते.

नाताळात दुकाने आणि घरे उघडली आणि जानेवारीत वॉर्ड भरले. परबांना लशीचा पहिला डोस मिळाला होता. दुसऱ्याची तारीख ठरली होती. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांना ताप आला. रुग्णालयात ते स्वतः चालत गेले. वहिनी गाडीत बसून राहिल्या. त्यांना आत जाता येत नव्हते.

व्हेंटिलेटरवर घेण्याआधी मृणाल त्यांच्याजवळ होती. तिने मला सांगितले ते असे. त्यांनी बोटाने तिला हात पुढे करायची खूण केली. तिने केला. त्यावर दोन थरांचे हातमोजे होते. ते म्हणाले, “ह्यात काय दिसतला?” मग इंग्रजीत म्हणाले, “डोनलला सांग, घाई नको.” नंतर ते बोलले नाहीत.

मेयोत दाहगृह नाही. त्यांना शॅननला नेले. अंत्यविधीला दहाजणांची मर्यादा होती. त्यामुळे मंडळातले लोक लॅपटॉपवर होते आणि गन क्लबचे लोक कासलबारच्या रस्त्याच्या कडेला अंतर ठेवून उभे राहिले. त्या वर्षी सगळ्यांना असाच निरोप दिला जात होता. मी गाडी चालवत होतो. शॅननला शेवटच्या वळणावर एक उंच माणूस पावसात एकटाच उभा दिसला. टोपी हातात होती. घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाता येत नव्हते. ते वळण डोनलच्या घरापासून तेवढ्या अंतराच्या आत होते. वहिनींनी विचारले, “हेच का ते?” मी हो म्हणालो. त्यांनी काच खाली केली आणि हात जोडले. त्याने टोपी छातीशी धरली.

मार्चमध्ये मी डोनलला फोन केला. परवान्याचा अर्ज परबांच्या नावाचा होता आणि आता तो बाद झाला होता. बंदूक डावी होती आणि एका विशिष्ट मानेच्या मापाची होती. ओळखीत ती वापरू शकेल असे कोणी नव्हते. काम थांबवले तरी चालेल, असे मी वहिनींच्या वतीने सांगितले. तो म्हणाला, “माणूस ठरला आहे, असं तुम्हीच लिहिलं होतं ना? मला डॉक्टरांनी ते सांगितलं होतं.” नंतर तो हवामानाबद्दल बोलला.

बंदूक सप्टेंबर २०२१मध्ये पूर्ण झाली. सुनंदावहिनी, मृणाल आणि मी क्लेअरला गेलो. या वेळी चहा मिळाला. अक्रोडाचा दस्ता गडद होता, त्यावर नक्षी नव्हती. डोनलने बंदूक वहिनींसमोर टेबलावर ठेवली. वहिनींनी ती उचलली नाही. जिथे गाल टेकतो त्या जागेवर तळहात ठेवला आणि काही वेळाने काढून घेतला. मला म्हणाल्या, “सांगा त्यांना, इथेच राहू दे. पण एकदा उडवा म्हणावं.”

नळीची कसोटी त्याने आधीच दोरी बांधून, दूर उभे राहून घेतली होती. खांद्यावरून बंदूक अजून उडाली नव्हती. शेडमागच्या शेतात त्याने दारू ठासली, छर्रे घातले, वाटीत चिमूट सोडली. तो उजव्या हाताचा. पण शस्त्रक्रियेच्या बाजूला धक्का सोसत नव्हता, म्हणून त्याने बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल त्याच्या मापाचा नव्हता, मान वाकडी करावी लागली. त्याने चाप ओढला. पहिल्याच ठिणगीला बार उडाला. जाळ डावीकडे, तोंडापासून पलीकडे गेला. शेताच्या टोकाचे कावळे उठले आणि धूर बराच वेळ कुंपणापाशी राहिला.

डोनलने बंदूक सुटी करून नीट पुसली. वहिनी त्याच्याकडे पाहत होत्या. त्या मराठीतच त्याला म्हणाल्या, “हात दाखवा.”

मी भाषांतर करायच्या आत त्याने चिंधी बाजूला ठेवली. दोन्ही तर्जन्यांची नखे एकमेकांना टेकवली आणि हात शेडच्या उघड्या दाराकडे धरले.

नखांमध्ये बारीक फट होती. तिच्यातून उजेड दिसत होता.